तारेपलीकडचा कचरा

९ फेब्रुवारी

आज अंगण झाडलं आणि मगच ही जागा आपली वाटली. तोवर नुसतं रान होतं.

वाल्दोमिरो म्हणतो, "बोलून बोलून माझे कान किटवलेस. शेती शिकवणाऱ्या ताइनारानं पेरणीचं लिहायला सगळ्यांना वह्या दिल्यात, त्यात लिही काय ते." नवऱ्याचे कान वाचावेत म्हणून लिहायला बसले. पेरणीचं मात्र लिहिणार नाही. उगवलं तर दिसेलच, नाही उगवलं तर लिहून काय उपयोग? मी माझं लिहीन.

साओ पाउलोचे रस्ते मी वीस-बावीस वर्षं झाडले. माझा पट्टा झाडून झाला की त्यावर भात सांडला तरी उचलून खावा, असा असायचा. राहायला मात्र आम्ही ताबा घेतलेल्या एका जुन्या इमारतीत, बंद पडलेल्या लिफ्टशेजारी. ती रिकामी करायला लावली तेव्हा जमीन-चळवळीची माणसं आली. म्हणाली, शहरात तुम्हाला जागा नाही, गावाकडे आहे, येता का? आलो. हमरस्त्याच्या कडेला काळ्या ताडपत्रीखाली दोन पावसाळे काढले, आणि आता चिठ्ठीत हा तुकडा लागला. सांता इनेस वसाहत. आधी इथं निलगिरी होती. माती पिवळी, दगडासारखी. कडेला जुन्या आंब्यांची एक रांग तेवढी आहे.

अजून पक्का नाही. ऑगस्टच्या शेवटी सगळी सभा एकेका तुकड्यावरून फिरणार. ज्यानं जमीन जिवंत केली त्याला ती कायमची. ज्याची मेलेली निघेल त्यानं ती ताडपत्रीखाली थांबलेल्या पुढच्या घराला द्यायची. नियम चांगला आहे. ताडपत्रीखाली होते तेव्हा तर मला तो फारच चांगला वाटायचा.

क्लेइदे, आमची एकुलती एक मुलगी, शहरातच थांबली आहे, एका जिन्याशेजारच्या खोपटात राहते आणि लोकांची घरं पुसते. म्हणाली, "आई, जमीन पक्की झाली की येते. पुन्हा ताडपत्री नको." म्हणजे ती यायची की नाही हे या पिवळ्या मातीवर ठरणार.

१० फेब्रुवारी

शेजारी कोण ते आज कळलं, आणि हातातला झाडू गळून पडायचाच बाकी राहिला. आदेमार! आमच्याच रस्त्यावर हातगाडी ओढत भंगार गोळा करायचा तो. मी पट्टा झाडून पुढे सरकले की हा मागून यायचा, दुकानांच्या पिशव्या सोडायचा, पुठ्ठा-बाटल्या काढून घ्यायचा आणि उरलेलं पुन्हा माझ्या रस्त्यावर. किती भांडलोय आम्ही! एकदा तर मी झाडूचा दांडा घालून त्याच्या गाडीचं चाक अडवलं होतं.

आता आमच्यात फक्त तारेचं कुंपण. सकाळी टोपी काढून, अदबीनं 'दोना' लावून म्हणाला, "दोना झेनाइदे, तुमच्या मागून चालायचं माझ्या नशिबातच दिसतंय."

"इथं पिशव्या नाहीत, सेउ आदेमार," मीही मानाचं 'सेउ' लावून म्हटलं. "फाडणार काय?"

"बघू. वाकणाऱ्याला काहीतरी मिळतंच."

एवढी मोठी वसाहत, आणि चिठ्ठीत नेमका हाच निघावा!

१७ फेब्रुवारी

ताइनारा आली होती. चळवळीनं आम्हाला शेती शिकवायला दिलेली पोर. कानात पिसांचे डूल, पायात चिखलाचे बूट, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. मला आवडली, पण सांगते ते भलतंच. म्हणे केळी, कसाव्याचे कंद, मका, घेवडा सगळं एकमेकांना खेटून लावा. वाढलं की निम्मं छाटा. छाटलेलं तिथंच बुंध्याशी टाका. आणि पान म्हणून एक उचलायचं नाही!

मी म्हटलं, "पोरी, त्यानं घाण होते."

"दोना झेनाइदे, दुपारी डोक्याला फडकं का बांधता?"

"ऊन लागतं म्हणून."

"मग जमिनीला नाही लागत?"

सगळे हसले. आदेमार सर्वांत मोठ्यानं.

बोलायला काय जातं! पानांखाली विंचू होतात, परवाच मी दारात एक ठेचला. आणि मुख्य म्हणजे आई सांगायची, गरिबाच्या घरात काही नसलं तरी चालेल, पण अंगण झाडलेलं असावं. रस्त्यानं जाणाऱ्याला तेवढंच दिसतं. लोकांनी आम्हाला कचऱ्यातली माणसं म्हणून हिणवण्यात जन्म घालवला. आता माझी स्वतःची जमीन असताना मी कचऱ्यात बसू? मेले तरी नाही.

ताइनारा एक गुरुवार सोडून येते. त्या दिवसापुरती शोभेला चार पानं पसरीन म्हणजे तिचंही समाधान. बाकी दिवस माझे.

५ मार्च

आता बस्तान बसलं. पहाटे उठते, काटक्यांचा झाडू घेते, आंब्याच्या रांगेपासून दारापर्यंत आणि दारापासून मक्यासाठी केलेल्या वाफ्यांपर्यंत सगळं स्वच्छ. खुरपलेलं गवत, आंब्याची वाळकी पानं, चुलीची राख, काही ठेवत नाही. झाडलेल्या मातीवर झाडूच्या रेघा उठतात ना, त्या बघितल्या की जिवाला बरं वाटतं.

टाकायचं कुठं हा प्रश्न होता. जाळू देत नाहीत. मग तारेपलीकडे, आदेमारच्या बाजूला. त्याला कचऱ्याची सवय आहे.

पहिल्या दिवशी टोपली उपडी केली तर तो समोरच उभा. मी भांडायची तयारी करून ठेवली होती. तो क्षणभर ढिगाकडे बघत राहिला, मग टोपी काढली. "आभारी आहे, दोना झेनाइदे."

टोमणा मारायचा तर असा. मी म्हटलं, "रोज मिळेल!"

"रोज?" म्हणाला, आणि डोळे मोठे केले. नाटकी माणूस.

१९ मार्च

आज संत जोसेफाचा दिवस. उत्तरेकडची माणसं या दिवशी मक्याचं बी मातीत टोचतात, म्हणजे जूनमध्ये संत जॉनच्या जत्रेला कणसं तयार होतात. आदेमार तिकडचाच. सकाळपासून गात गात टोचत होता. मीही टोचला. ताइनारानं एकाच पोत्यातलं बी दोघांना ओंजळीनं दिलं. एकच बी, एकच दिवस, एकच पाट. बघूच आता.

३ एप्रिल

दोन गोष्टी.

पहिली: परवा शनिवारी फाटकाच्या खांबाला कुणीतरी भेंड्यांची जुडी अडकवून गेलं. त्याआधीच्या शनिवारी भोपळा होता. कोण असावं? आपल्याकडे अजून भेंडी लागलेली नाही. वाल्दोमिरोला विचारलं तर म्हणतो, "खा की मुकाट्यानं. भेंडीला काय नाव-गाव विचारायचं?" आणि शीळ घालत गेला. मला वाटतं प्रार्थनाघरातल्या बायका असणार. आधी भाजी देतात, मग धर्म. भेंडी खाईन, प्रार्थनेला जाणार नाही.

दुसरी: आईचा चमचा हरवला. कॉफीचा, दांडी वाकलेला. डब्यांची झाकणं उघडून उघडून तिनंच वाकवला होता. काल उंबऱ्यावर बसून कॉफी प्यायले तेव्हा हातात होता. घर पालथं घातलं, अंगण तर नेहमीचंच लख्ख, तिथं पडला असता तर दिसलाच असता. दुसरं काही हरवलं असतं तर इतकं वाटलं नसतं. तिची एवढीच वस्तू होती माझ्याजवळ.

११ मे

मला झोप लागत नाही असं नाही, पण दिवसा डोक्यात एकच घोळतं. त्याचा मका माझ्या खांद्याला लागला. माझा अजून गुडघ्याशी, आणि तोही पिवळा, टायफॉइडमधून उठल्यासारखा. बी एक! दिवस एक! पाणी तर मी जास्त घालते, आणि ते घातलं की मातीवरून सरळ वाहून जातं.

आज राहवलं नाही. तारेशी जाऊन विचारलं, "सेउ आदेमार, खरं सांगा, घालता तरी काय?"

तो कसाव्यात वाकलेला होता. कमरेवर हात ठेवून उठला. "तुम्ही देता तेच."

"मी काय देते? शिव्या?"

"त्याही," म्हणाला. "पण त्यानं मका नाही वाढत."

असं गोड बोलून गुपित झाकणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. याच्याकडे काहीतरी आहे. शहरातून येताना कुठल्या तरी गोदामातलं खत आणलं असेल, नाहीतर त्यांच्या उत्तरेकडचा काही तोडगा. शोधून काढीन तेव्हाच नावाची झेनाइदे.

२ जून

निल्तोन आणि त्याची बायको परत शहरात गेली. त्यांचा तुकडा ओढ्याकडचा. म्हणाला, "इथली शांतता कानाला टोचते. बसचा आवाज नसला तर माझं डोकं चालत नाही." त्याची चेष्टा झाली खूप, पण मला त्याचं वाईट वाटलं. मलाही पहिला महिनाभर कचऱ्याच्या गाडीच्या आवाजाशिवाय उजाडल्यासारखंच वाटत नव्हतं.

२४ जून

संत जॉनची जत्रा. शेकोटी, अकॉर्डियन, मक्याची खीर, शेंगदाण्याच्या वड्या. मका सगळा आदेमारचा. माझ्या कणसांत दाणे म्हणजे म्हातारीच्या तोंडातले दात, इथं एक, तिथं एक.

क्लेइदे आली होती, दोन दिवस राहून गेली. आल्या आल्या माझा हात धरून पोटावर ठेवला. मला आधी कळेचना. मग कळलं. डिसेंबरात. बाप? "त्याचं नाव काढू नकोस," म्हणाली. मी नाही काढलं.

सकाळी दारात उभी राहून तिनं सगळीकडे बघितलं. म्हणाली, "आई, तू इथं फुटपाथ केलास."

मला अभिमान वाटला. म्हटलं, "आहे की नाही स्वच्छ?"

ती तारेपलीकडे बघत होती, आदेमारच्या केळींकडे. मग हळूच म्हणाली, "ऑगस्टला काय होईल गं?"

"होईल काय! मिळेल जमीन."

"त्या जिन्याशेजारी बाळ नको आहे मला, आई."

मी तिला शब्द दिला. मला आज भीती वाटते आहे, हे इथंच लिहून ठेवते. कुणाला सांगणार नाही.

८ जुलै

सापडलं! पण जे शोधत होते ते नव्हे.

आदेमार आज बाजाराला गेला होता. भर दुपारी मी तारेखालून पलीकडे शिरले. वाल्दोमिरो ओट्यावरून ओरडला, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! ये इकडे!" मी लक्ष दिलं नाही.

काय ती जमीन! पाय टाकला तर गादीत रुतावा तसा रुतला. बाहेर सगळं कोरडं ठणठणीत, आणि इथं हात घातला तर आत ओल. काळी, पावासारखी मऊ. वास घेतला. खताचा नाही. औषधाचा नाही. पावसानंतर झाडाखाली येतो तसा. मी कोपरापर्यंत हात घातला, म्हटलं तळाशी काय पुरलंय बघू, आणि बोटांना धातू लागला.

आईचा चमचा.

मी माती पुसून बघितलं. वाकलेली दांडी, तोच. आमच्या घरात शिरून यानं तो उचलला! भंगारवाल्याचा हात, धातू दिसला की सुटायचा नाही. आणि वर शेतात पुरतो! काही करणी तर केली नाही ना? त्याचा मका वाढतो आणि माझा खुरटतो तो उगाच?

चमचा धुतला, उशीखाली ठेवला. उद्या रविवार, सगळे सामुदायिक कामाला जमतात. सर्वांसमोर विचारणार.

९ जुलै

विचारलं. सगळे पाट साफ करत होते. मी चमचा वर धरला आणि म्हणाले, "हा माझ्या आईचा चमचा सेउ आदेमारच्या शेतात पुरलेला सापडला. हा चोर आहे."

मला वाटलं होतं, आरडाओरडा करील, चोराच्या उलट्या बोंबा. त्यानं केला नाही. फावडं हळू खाली ठेवलं. "चोरी?" एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला आमचा जुना रस्ता आठवला. तिथं पोलीस त्याला थांबवून गाडी उलटी करायला लावायचे, तेव्हा तो असाच बघायचा.

दोना नोएमिया, आमच्या सभेच्या प्रमुख, म्हणाल्या, "चोरीची गोष्ट इथं हलकी नसते, झेनाइदे. सिद्ध झाली तर माणूस वसाहतीबाहेर जातो. ऑगस्टच्या सभेत बघू."

वाल्दोमिरो घरी आल्यापासून बोललेला नाही. नेहमी माझ्या बोलण्यानं त्याचे कान किटतात, आज मीच त्याच्या गप्प बसण्याला वैतागले.

२५ जुलै

जुलैची थंडी, कडाक्याची. खांबावर दोन शनिवार काही नाही. प्रार्थनाघरातल्या बायका थकल्या वाटतं.

आदेमार आता माझा कचरा उचलत नाही. मी टाकते, तो तारेशी तसाच पडून राहतो, आणि वाऱ्यानं निम्मा माझ्याच बाजूला परत येतो. मुद्दाम करतो.

आज झाडताना कंबरेत उसण भरली.

१४ ऑगस्ट

इतके दिवस आडवी होते. झाडू दारामागं उभा. खिडकीतून अंगणात पानं साचताना बघायची म्हणजे मला शिक्षाच होती.

आज काठी टेकत बाहेर पडले. तारेपर्यंत गेले, आणि थांबले. माझा सगळा कसावा मान टाकून पडलाय, पण तारेलगतची एक ओळ हिरवी. तेवढीच. वाऱ्यानं परत आलेली पानं त्या ओळीच्या बुंध्याशी ढिगानं साचली होती. आजारपणात झाडायची राहिली ती.

मला वाटलं, पाणी झिरपत असेल. खाली बसले. पानं बाजूला केली. आत ओल. काळी. बोट आत गेलं. पावसानंतर झाडाखाली येतो तो वास. एक गांडूळ माझ्या बोटाशी आलं आणि वळून निघून गेलं.

आधी मका आठवला. मग "तुम्ही देता तेच" आठवलं. मग उंबऱ्यावरची कॉफी, मांडीवरून घसरलेला चमचा, पहाटेच्या अंधुक उजेडात मारलेला झाडू, टोपली, तार. कुणी आमच्या घरात शिरलं नव्हतं. मीच तो झाडून त्याच्या शेतात टाकला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा तर कळसा रोज पहाटे मी स्वतःच्या हातानं शेजाऱ्याकडे फेकत होते.

१५ ऑगस्ट

वाल्दोमिरोला सांगितलं. तो म्हणाला, "हं."

"हं काय? आणि त्या भेंड्या, तो भोपळा?"

"आदेमार."

"तुला माहीत होतं?"

"डॉमिनो खेळताना त्यानंच सांगितलं. भंगारवाल्यांची रीत आहे म्हणाला. रस्त्यावर पडलेलं उचललं तर कुणाचं काही लागत नाही. पण एखादं घर तुमच्यासाठी रोज आठवणीनं बाजूला ठेवायला लागलं, तर शनिवारी त्या घराला काहीतरी द्यायचं. तू त्याला पानं देतेस असंच समजत होता तो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

वाल्दोमिरो गुडघे चोळायला लागला. "तो म्हणाला, दोना झेनाइदे आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी चांगली वागते आहे. मी कशाला मोडता घालू?"

मी ओरडले नाही. चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली.

२२ ऑगस्ट

आता गप्प राहिले तर काय होईल, ते मांडून बघते. सभेच्या आधी आंब्याखालची पानं जाड पसरते. वरवर बघणाऱ्याला दिसेल, चांगली झाकलेली जमीन, साल वाईट गेलं बिचारीचं. कदाचित मिळेलही जमीन. क्लेइदे येईल. आदेमार मात्र चोर ठरून वसाहतीबाहेर जाईल.

खरं सांगितलं तर तो सुटेल, आणि सगळ्यांना कळेल की शिकवलेलं मी काहीच केलं नाही, वर ताइनाराला फसवलं. मग जमीन कुठून मिळायची?

क्लेइदेचा फोन आला होता. बाळ लाथा मारतं म्हणे. मी म्हटलं, मारू दे.

३० ऑगस्ट

आज सभा फिरली. पन्नासेक माणसं, वर धुळीचा लोट. ताडपत्रीखालची दोन घरंही सोबत, आपल्याला कुठला तुकडा मिळतोय ते बघायला. त्यांच्या डोळ्यांत मी बघितलं नाही.

पानं मी पसरली होती. खोटं कशाला लिहू? पहाटे उठून पसरली. म्हटलं, तोंड उघडेल की नाही ते तेव्हाच्या तेव्हा बघू.

दोना नोएमिया माझ्या वाफ्यांशी आल्या, बघितलं, म्हणाल्या, "झाकलेली तर आहे." ताइनारा खाली वाकायला लागली. तिच्या आधी मीच वाकले, आणि हातानं पानं सारली. खाली पिवळा फुफाटा.

"ही आज पहाटे टाकली आहेत," मी म्हणाले. "फेब्रुवारीपासून मी रोज सगळं झाडून तारेपलीकडे टाकत होते. चमचाही त्यातच गेला. सेउ आदेमारनं काही चोरलेलं नाही. चोर म्हणाले ती माझी जीभ झडली नाही हे आश्चर्य."

एक हसला, मग दुसरा, मग सगळी सभा. मी तशीच उभी राहिले. रस्ता झाडताना अंगावर मोटारीतून सालं फेकायचे तेव्हाही मी अशीच उभी राहायचे, पण या वेळी सालं माझीच होती. ताइनारा तेवढी हसली नाही. म्हणाली, "मग इतके गुरुवार तुम्ही मला…"

आदेमारनं टोपी काढली. "दोना नोएमिया, जिवंत जमीन बघायची आहे ना? मग तारेपलीकडे या. तिथली निम्मी यांची आहे. माझी झाडं एवढी पानं देत नाहीत."

"तार कुठं आहे ते मला दिसतं, सेउ आदेमार," नोएमिया म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "झाडू खाली ठेवशील का, झेनाइदे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणायचं होतं, पण तो झाडू गेला तर मी कोण राहते?

"नाही," मी म्हणाले. "झाडणार. घराभोवती तर झाडणारच, विंचू होतात. पण झाडलेलं माझ्या झाडांच्या बुंध्याशी नेईन."

नोएमिया काही जणांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. निर्णय असा: जमीन कायमची नाही. पुढच्या ऑगस्टपर्यंत मुदत, आणि आणखी मुदत मिळणार नाही. ताडपत्रीखालच्या पहिल्या घराला निल्तोनचा ओढ्याकडचा तुकडा मिळाला. दुसरं घर परत ताडपत्रीखाली गेलं. त्या बाईनं जाताना माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी मीही बघितलं.

३१ ऑगस्ट

क्लेइदेला फोन केला. जमिनीचं सांगितलं. पक्की नाही, एक वर्ष आहे, आणि आदेमारला चोर म्हणाले ते.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तरी मी म्हटलं होतं, फुटपाथ."

"हो. म्हटलं होतंस."

"खायला आहे का तिथं?"

"आपलं थोडं. शेजाऱ्याचं पुष्कळ."

"आणि तो देईल? चोर म्हणालीस ना त्याला?"

फोन ठेवून बाहेर आले तर खांबावर भोपळा. आज शनिवारही नव्हता.

१८ सप्टेंबर

आदेमारकडे कॉफी घेऊन गेले. आईचा चमचा घालून. क्षमा कशी मागायची ते ठरवत गेले आणि वाटेतच सगळं विसरले. म्हटलं, "साखर ढवळून घ्या."

त्यानं चमचा बघितला, वाकडी दांडी बोटानं चाचपली. "बरं झालं सापडला," म्हणाला. "माझ्या कुदळीखाली आला असता तर तुटला असता."

मग आम्ही मक्याबद्दल बोललो.

२७ ऑक्टोबर

क्लेइदे आली! मोठं पोट, दोन पिशव्या आणि एक पंखा. "इथं लागेल का?" म्हणे. संध्याकाळी कसाव्याच्या परतलेल्या पिठाचा फारोफा केला, घेवडा, भात. दोनदा वाढून घेतलं तिनं. बाळाच्या वाट्याचं म्हणून तिसऱ्यांदाही.

२८ ऑक्टोबर

सकाळी जाग आली ती झाडूच्या आवाजानं. क्षणभर वाटलं, मी झोपेत झाडते आहे की काय. बाहेर धावले तर क्लेइदे! एवढं पोट घेऊन, वाकून, केळीच्या बुंध्याशी मी दोन महिने साठवलेली सगळी पानं ओढून काढलेली. खालची माती कुठं जरा तपकिरी व्हायला लागली होती ती उघडी. टोपली भरून ती तारेकडे निघालेली.

"अगं थांब! कुठं टाकतेस?"

"तू झोपली होतीस म्हणून म्हटलं, मी झाडते," ती म्हणाली. "केवढा कचरा साचवलायस, आई! फुटपाथ नको म्हटलं होतं मी, उकिरडा कर असं नाही. तुझ्या दारात कधी असं पाहिलं नव्हतं."

मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला. आदेमार तारेशी दोन्ही हात पुढे करून उभा. "टाकू दे की पोरीला, दोना झेनाइदे! हौसेनं देते आहे."

हसत होता मेला. इतका की टोपी पडली. क्लेइदे एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मीही हसत सुटले, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

तिच्या हातातून टोपली घेतली. निम्मी केळीच्या बुंध्याशी परत ओतली, हातानं सारखी केली. उरलेली तारेपाशी नेली. त्यानं वरची तार उचलून धरली आणि मी टोपली त्याच्या हातात दिली.